ते डंबेल मी उचललं नाही

"बघ, ना बेल्ट, ना वॉर्म-अप. यांच्या पाठी वेगळ्याच असतात. ओझ्यासाठीच बनलेल्या."

हे मराठीत होतं. माझ्याबद्दल होतं. आणि मी तेव्हा तीस किलोचं डंबेल दोन्ही हातांत धरून, पोटाशी लावून, रॅककडे चालले होते.

बोलणारा जिमच्या बाकावर बसून पाणी पीत होता. पुण्याचा. कोरमंगलात त्याची स्वतःची कंपनी. वय माझ्याएवढंच, पस्तिशीतलं. त्याचा मित्र हसला. मग तो माझ्याकडे वळला आणि हिंदीत म्हणाला, "ऐ, वो दूसरा भी रख दे."

मी दुसरंही ठेवलं.

मला मराठी येते हे त्याला माहीत नव्हतं. बंगळूरमध्ये फरशी पुसणारी बाई आपल्याच भाषेची असेल, असं त्याच्या मनातसुद्धा आलं नसेल. बादली उचलली, आरशावरचे हातांचे डाग पुसायला लागले. आरशात तो दिसत होता. मी पण दिसत होते.

राग आला असं लिहिलं तर ते खोटं होईल. राग नाही आला. लाज वाटली. आणि त्याहून वाईट म्हणजे वाटलं, खरंच असेल की काय.

कारण माझी माय. उदगीरकडे आमचं गाव. माय बांधकामावर वाळूची, खडीची घमेली वाहायची. तिच्या डोक्यावर मधोमध तळहाताएवढी जागा गुळगुळीत झालेली होती, तिथं केस उगवायचेच नाहीत. मी लहानपणी तिथं तेल लावून द्यायची. तिची माय पण तेच करायची. आमची वस्ती गावाच्या कडेला. गावात कुठं काही जड हलवायचं असलं की हाक आमच्या वस्तीत यायची. लग्नाच्या पंगतीची हाक यायची नाही. मग त्या माणसानं चुकीचं काय म्हटलं? असं मी त्या दिवशी स्वतःलाच विचारलं. विचारलं याचीच आज जास्त लाज वाटते.

लग्न करून मी बंगळूरला आले. नवरा इमारतींना रंग देतो. कोरमंगलाच्या मागच्या वस्तीत एका खोलीत राहतो आम्ही. या जिममध्ये काम मिळालं ते भाषेमुळेच. मॅनेजर बनशंकरीचा, तीन पिढ्या इथंच राहिलेलं मराठी घर. त्याच्या मराठीत निम्मी कन्नड. मी तोंड उघडलं तसा खूश झाला. "अरे, आपलीच भाषा की! छान झालं अक्का. आडनाव काय तुमचं?"

मी सांगितलं.

"सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाला तो, आणि खाली कागदात बघायला लागला.

काम दिलं. पण तिसऱ्या दिवशी त्याच्या केबिनमध्ये चहा घेऊन गेले तर कपाकडे न बघता म्हणाला, "चहाचं तुम्ही राहू द्या अक्का. ते लक्ष्मक्का करेल." लई गोड आवाजात म्हणाला. मी कप परत नेला. बेसिनमध्ये ओतला.

लक्ष्मक्का माझ्या आधीपासून तिथं होती. पन्नाशीची, कोलारकडची. मला कन्नड तिनंच शिकवली. नवरा नव्हता, एक मुलगी कॉलेजात होती. आम्ही दोघी साफसफाईच्या. सकाळची गर्दी साडेदहापर्यंत ओसरली की आमचं खरं काम सुरू व्हायचं. भिंतीवर इंग्रजीत पाटी होती, वापरलेलं वजन जागेवर ठेवा. कोण ठेवत नव्हतं. बारवर प्लेटा तशाच, डंबेलं बाकाखाली, मधल्या वाटेत, कुठंही. ती सगळी आम्ही उचलायची. आमच्या कामाच्या यादीत "व्यवस्थित लावणे" असे दोन शब्द होते. त्या दोन शब्दांत रोजचं ते सगळं लोखंड बसवलेलं होतं.

वजन कसं उचलायचं हे मी तिथंच शिकले. मला कुणी शिकवलं नाही. ट्रेनर नवीन मेंबरला शिकवायचा, मी जवळच पोछा मारत ऐकायची. पाय जमिनीत रोवा. पोटात श्वास भरा आणि पोट घट्ट करा. वाकायचं ते कमरेच्या खालून, पाठ गोल करायची नाही. वजन अंगाला लागून ठेवा. उचलताना अंग पिळू नका. बारला दोन्ही बाजूंनी क्लिप लावा. जड असेल तर मागं एक माणूस उभा ठेवा. कळ आली की तिथंच थांबा, उद्या पण दिवस आहे. प्रत्येक नव्या माणसाला तो हे सांगायचा. जीव तोडून सांगायचा. माझ्यासमोर, लक्ष्मक्कासमोर. आम्ही दोघी त्याच्या पाठीमागं तीच वजनं उचलत असायचो आणि त्याला त्यात काही दिसायचं नाही. माणूस वाईट नव्हता. त्याला आम्ही वजन उचलतोय असं दिसतच नव्हतं. साफसफाई चाललीय असं दिसायचं.

मी लक्ष्मक्काला सांगायची, अक्का, गुडघे वाकव, जवळ धर. ती हसायची. "आयितु, टीचर अम्मा." बरं बाई, म्हणायची. दोन दिवस नीट करायची, तिसऱ्या दिवशी दमली की परत पाठीतून वाकायची. तिची कंबर आधीच दुखत होती. संध्याकाळी ती जिना एकेक पायरी थांबून उतरायची.

म्हणून मी मॅनेजरकडे गेले. लई हिंमत करून गेले. म्हटलं, एक ढकलगाडी द्या, आणि वीस किलोच्या वरचं दोघींनी मिळून उचलायचं असा नियम करा. आणि कमरेला बांधायचा एक बेल्ट द्या, मेंबरांचे जुने पडलेत त्यातला.

"बेल्ट मेंबरांसाठी असतात अक्का. गाडीनं फ्लोरिंग खराब होतं. स्वल्प, जरासं अॅडजस्ट करा, बघतो मी."

त्यानं बघितलं नाही.

मग एक दिवस मी बायकांच्या स्वच्छतागृहात होते. हातात ब्रश होता. बाहेर तोच पुण्याचा आवाज ऐकू आला. "अरे कोई है? ये हटाओ यहाँ से. जल्दी." मला हात धुवून जायला वेळ लागला. तेवढ्यात डंबेल जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. तो आवाज तिथं दिवसभर येतो, मेंबर आपटतातच. पण त्याच्यामागं जो आवाज आला तो माणसाचा होता.

मी पळत गेले. लक्ष्मक्का दोन हात आणि दोन गुडघ्यांवर होती. जनावरासारखी. उठता येईना, बसता येईना. तोंड उघडं, आवाज बंद. डंबेल घरंगळून त्या माणसाच्या बुटापाशी थांबलं होतं. तो म्हणाला, "गिराया क्यों? मेरे पैर पे आता तो?"

एवढंच म्हणाला. मग कानात गाण्याचं यंत्र घातलं आणि पलीकडच्या बाकावर गेला.

तिला मागच्या दारानं बाहेर काढलं. समोरून नेली तर मेंबर बघतील, असं मॅनेजर म्हणाला. रिक्षात तिला आडवं झोपवता येत नव्हतं. माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती वाकडी पडली होती आणि प्रत्येक खड्ड्याला माझं मनगट आवळत होती. डॉक्टर म्हणाले, मणक्यातली गादी सरकलीय, नस दाबली गेलीय. डाव्या पायाला सुई टोचली तर तिला कळत नव्हतं.

दोन दिवसांनी मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं. पहिल्यांदाच खुर्ची दिली बसायला. इंग्रजी कागद पुढं केला. "इथं सही करा अक्का. हॉस्पिटलला लागतं. लक्ष्मक्काचाच फायदा आहे." मी बसले होते त्या खुर्चीचं मला अप्रूप वाटत होतं. मी सही केली. मराठीत, पूर्ण नाव, आडनावासकट.

महिनाभरानं लक्ष्मक्काला भेटायला गेले. जिमकडून काही मदत आली नव्हती. आलं होतं ते पत्र, आणि त्याला जोडलेली त्या कागदाची झेरॉक्स. तिच्या मुलीनं तो मोठ्यानं वाचला, एकेक ओळ कन्नडमध्ये करून. की कामगारांना जड वजन उचलायचं प्रशिक्षण दिलं होतं. की वीस किलोवरचं एकटीनं उचलू नये असं वारंवार सांगितलं होतं. की तरी तिनं स्वतःच्या मर्जीनं उचललं. की हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं.

मी मागितलेला नियम. तोच. वीस किलोचा. माझ्या तोंडून घेतला आणि तिच्याविरुद्ध लिहिला. खाली माझी सही.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. लक्ष्मक्का चटईवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती म्हणाली, "बिडु." सोडून दे. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिच्या पायाला हात लावला. डाव्या. तिला कळलं नाही.

अशा रात्री झोप लागत नाही असं लोक सांगतात. मला लागली. दमले होते. सकाळी उठले तेव्हा मात्र एक गोष्ट स्पष्ट झाली होती. आमच्या पाठी वेगळ्या नाहीत. लक्ष्मक्काची पाठ कुणाच्याही पाठीसारखीच मोडली. मायची मान शेवटी वळत नव्हती, तीही कुणाच्याही मानेसारखीच होती. आम्हाला कधी कुणी थांब म्हटलं नाही, एवढाच फरक होता.

मी कामावर गेले. साडेदहाला तो पुण्याचा माणूस बाकावरून उठला. डंबेल बाकाखाली टाकलं.

"ऐ, रख दे इसको."

मी पोछ्याची काठी भिंतीला टेकवली. मराठीत म्हटलं, "मी उचलणार नाही. तुम्ही काढलंत, तुम्हीच ठेवा."

त्याला आधी शब्द कळले, मग भाषा कळली. "तू मराठी आहेस?"

"तुम्ही माझ्या पाठीबद्दल बोललात तेव्हाही होते."

त्याचा चेहरा लाल झाला. लाजेनं झाला असेल असं मला क्षणभर वाटलं. तसं नव्हतं. त्यानं मॅनेजरला हाक मारली. म्हणाला, तुमचा स्टाफ मेंबरांचं बोलणं चोरून ऐकतो.

मॅनेजर आला. "माफी माग," म्हणाला. अक्का गेलं, तुम्ही गेलं.

मी म्हटलं, "तो कागद परत द्या. मी तिथं नव्हते. मी संडास धूत होते. तुम्हाला माहीत आहे."

तो जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आपली भाषा म्हणून घेतलं. पण तुम्हा लोकांना जवळ केलं की हेच होतं."

ट्रेनर उभा होता. चार-पाच मेंबर उभे होते. सगळ्यांच्या अंगात ताकद होती, तिथं ताकदच कमवायला येतात. कुणी तोंड उघडलं नाही.

त्याच दिवशी मला काढलं. मी निघाले तेव्हा ते डंबेल बाकाखालीच होतं.

पुढं काय झालं तेही सांगते, म्हणजे कुणी भलत्या आशेवर राहू नये. लक्ष्मक्काच्या मुलीनं माझ्या सांगण्यावरून कन्नडमध्ये अर्ज लिहिला. त्यात लिहिलं, मी त्या वेळी तिथं नव्हते, कागदात काय आहे ते मला वाचून दाखवलं नव्हतं, आम्हाला कसलंही प्रशिक्षण दिलं नव्हतं. मी आणि ती मुलगी तो घेऊन कामगारांच्या कचेरीत गेलो. तिथला माणूस दोन्ही कागद शेजारी ठेवून म्हणाला, "तेव्हा एक सांगितलंस, आता दुसरं. यातलं खोटं कुठलं?"

"पहिलं," मी म्हटलं. "पहिल्या वेळी मी खोट्यावर सही केली."

"मग दुसऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

अर्ज त्यानं घेतला. शिक्का मारला. पाचदा जाऊन आले, तो अर्ज कुठं आहे ते कुणाला सांगता येत नाही. मुलीनं कॉलेज सोडलं, कपड्यांच्या दुकानात उभी राहते. लक्ष्मक्का काठी धरून संडासापर्यंत जाते, तेवढंच. माझ्याशी ती बोलते, पण माझ्याकडे बघत नाही. मी आता एका पीजीत, पोरं भाड्यानं राहतात तिथं, भांडी घासते. तो माणूस अजून त्याच बाकावर बसतो.

आणि आमच्या जागी एक नवीन बाई आलीय. दोघींच्या जागी एकच. रायचूरकडची असावी, पंचविशीची. मागच्या दारानं आत जाते. मी माझी भांडी आटपून साडेदहाच्या आधी तिथं पोचते. तिला सांगते, बाकाखालचं ते मोठं डंबेल तीस किलोचं आहे. एकटीनं उचलू नकोस. उचलणार नाही म्हण. इंग्रजी कागदावर सही करू नकोस, आधी कुणाकडून तरी वाचून घे.

पहिल्या दिवशी ती घाबरली. दुसऱ्या दिवशी चिडली. "तू देणार का मला काम?" म्हणाली आणि आत गेली. तिसऱ्या दिवशी मी परत गेले. काल तर ती माझ्याकडे न बघताच गेली.

वॉचमन मला सांगतो, साहेबांनी बघितलंय तुला, परत आलीस तर पोलिसांना बोलावतील. बोलावू देत. पोलिसांना पण तेच सांगेन. किती किलो, दिवसातून किती वेळा, कोण टाकतं आणि कोण उचलतं. दारापासून हाकललं तर रस्त्याच्या पलीकडे उभी राहीन आणि तिथून ओरडून सांगेन. मराठीत सांगेन, कन्नडमध्ये सांगेन. ती ऐकेल असं मला वाटत नाही. तिला न सांगता मात्र त्या दारातून आत जाऊ देणार नाही.