स्टेटस को आणि केळीची बाग

लॉ कॉलेजात असताना लॅटिन शब्दांवर माझा फार राग होता. जळगावात राहून रोमचे शब्द घोकायचे कशाला, असं मी सरांना तोंडावर विचारलं होतं. पाठ केले ते परीक्षेपुरते. खरा अर्थ कळला तो वकिली सुरू केल्यावर, चोपड्याकडच्या एका अक्कांमुळे.

केळीची बाग कुणाची, यावरून अक्का आणि त्यांचा दीर कोर्टात भांडत होते. पाणी मात्र दोघं आळीपाळीने देत. निकाल लागेपर्यंत बागेबाबत ‘स्टेटस को’ राखा, असा हुकूम झाला. म्हणजे जैसे थे.

ऐन उन्हाळ्यात अक्का माझ्या ऑफिसात आल्या. एरवी आल्या आल्या “तारीख कोनती?” विचारायच्या. त्या दिवशी खुर्चीवर बसल्या आणि रडायलाच लागल्या.

“बठ्ठी बाग वाळी ऱ्हायनी, बाई. घड बाहेर पडेल शे आन पानं माना टाकी ऱ्हायनात.”

“पाणी?”

“बंद शे. कोर्टानी सांगेल शे ना, हात लावाना नही.”

दिरानेही हात लावला नव्हता. वर्षानुवर्षं एकमेकांचं न ऐकणारी ही माणसं दोन लॅटिन शब्दांपुढे मुकाट बसली होती आणि मधल्या मधे बाग मरत होती. माझं डोकंच फिरलं. समजावून न सांगता हुकूम हातात ठेवणाऱ्या आम्हा सगळ्या वकिलांचा मला संताप आला.

“अक्का, हुकूम झाला त्या दिवशी ठिबक चालू होतं ना?”

“व्हतं.”

“मग ते चालू ठेवणं म्हणजेच स्टेटस को. बागेला जगवायचं, तोडायचं-विकायचं नाही.”

अक्कांनी डोळे पुसले आणि थेट दिराला फोन लावला. स्पीकर चालू होता.

“नाना, पानी सोडा. वकीलबाई सांगी ऱ्हायनी, चालस.”

पलीकडून नानांचा आवाज आला, “मी एकलानी कॉक उघडा, तं उद्या तुम्हीच म्हनशात, यानी आर्डर मोडी.”

मी बोलायला तोंड उघडलं, पण अक्कांनी हातानेच मला थांबवलं.

“मंग मी येस. दोन्ही मिळीसन उघडू.”

माझा जीव टांगणीला लागला होता.

“या वहिनी,” नाना म्हणाले. “मी बांधवर थांबस.”

अक्का लगबगीने उठल्या. मला इतका आनंद झाला, की फाईल तशीच उघडी टाकून मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. पिशवी काखेत मारून त्या भराभर उतरल्या आणि चोपड्याच्या गाडीसाठी स्टँडकडे निघाल्या. तारीख विचारायची मात्र त्या विसरल्या.