नियतीच्या पुजारिणीचे सर

नशिबावर काडीचाही विश्वास नसलेला आणि तरीही नशिबाच्या देवीसाठी दोन वर्षं राबलेला माणूस अख्ख्या पुण्यात एकच असेल, आणि तो माझ्या डोक्यावर राहतो. म्हणजे कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत, बरोबर वरच्या मजल्यावर. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले हे सर. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, आणि तेव्हापासून त्या घरात ‘नशीब’ हा शब्द बाद झाला तो झालाच. एकदा बसमध्ये चढता चढता मी म्हणालो, “नशीब, बस मिळाली.” सर शांतपणे म्हणाले, “नशीब नव्हे. ती पंचवीस मिनिटं उशिरा आली, म्हणून मिळाली.” सोसायटीतल्या कुणी मुलाची पत्रिका काढली असं कानावर आलं, की सर त्याचं अभिनंदन करून विचारत, “आणि पुस्तकं घेतलीत का?”

तर अशा सरांच्या लेकीला एका खेळाचं वेड लागलं. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, एकाने अद्भुत राज्यातली गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातला कुणी योद्धा, कुणी जादूगार व्हायचं, आणि कुणाचं काय होणार ते फाशांनी ठरवायचं. गोष्ट सांगायची ती लेकच. तिला त्यात नियतीदेवीची एक पुजारीण हवी होती, पण पुस्तकातल्या तयार शक्ती तिला मिळमिळीत वाटल्या. “बाबा, तुम्हाला शक्यता कळतात, तुम्हीच करा,” असं ती सहज बोलून गेली. सरांनी दोनशे पानी वही आणली.

त्यानंतर माझ्या छतावर दुपारभर खडखडाट सुरू झाला. चौथ्या दिवशी मी वर गेलो. “सर, काही सांडतंय का?” “नाही, नियती आहे,” म्हणत त्यांनी मला आत घेतलं आणि हातात पेन्सिल दिली. ते स्टीलच्या डब्यात फासे हलवून टाकायचे आणि मी आकडे लिहायचो. पुजारिणीला हुकलेला फासा पुन्हा टाकता यायचा, पण बदल्यात तिचा पुढचा चांगला फासा जायचा. तो नेमका कधी जावा, यावर सरांनी तीन आठवडे घालवले. दुसऱ्या एका शक्तीने दोघांची दैवं जोडली जायची. एकाला लागलं की अर्धं दुसऱ्याला. ती आपल्या पत्नीवर, म्हणजे आमच्या बाईंवर, तपासून पाहावी असं सरांच्या मनात आलं. बाई भाजी चिरताचिरता म्हणाल्या, “तीस वर्षं तेच चाललंय. चाचणी पुरे.”

सरांचा खरा जीव मात्र ‘अंतदर्शना’वर होता. अख्ख्या गोष्टीत एकदाच पुजारिणीने देवीला विचारायचं, की हा माणूस कधी जाणार? उत्तर खरं मिळणार, पण बदलता येणार नाही. एका रविवारी ही शक्ती पहिल्यांदा वापरली जाणार होती, म्हणून सरांनी मलाही बोलावलं. पुजारीण होती लेकीची मैत्रीण, केतकी. तिने गोष्टीतल्या एका म्हाताऱ्या शिपायाबद्दल विचारलं. लेकीने फासा टाकला. “उद्या संध्याकाळी, पूल ओलांडताना.”

केतकीने हातातले फासे खाली ठेवले. “सर, थांबवता येणार नाही, तर कळून काय उपयोग?”

“तोच तर यातला मुद्दा आहे,” सर उत्साहाने सुरू झाले आणि मध्येच थांबले. केतकीचे वडील त्याच हिवाळ्यात गेले होते. सकाळी ती कॉलेजला निघताना धडधाकट होते. दुपारी फोन आला. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, फक्त वही लिहिताना कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

“मला आधी कळलं असतं ना,” ती टेबलाकडे बघत म्हणाली, “तर मी त्या दिवशी गेले नसते. ते गेलेच असते. पण मी घरी असते.”

सरांनी वही ओढली आणि बराच वेळ पेन नुसतं धरून बसले. मग त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं : ‘ज्याचा अंत दिसला, त्याच्यासोबत पुजारिणीला तो दिवस काढता येईल. त्या दिवसापुरते फासे नाहीत.’

“शिपायाचं कोण बोलणार?” लेकीने हळूच विचारलं.

“मी,” सर म्हणाले. जन्मात कधी नाटकात उभे न राहिलेले सर. सुरुवातीला ते पाठ वाचल्यासारखे बोलत होते. मग म्हातारा पुजारिणीला विचारू लागला, की जेवलीस का, चपला अशा झिजवल्यास कुठे, इतकं कमी का झोपतेस. केतकी उत्तरं देत राहिली, एकदा हसलीही. तासभर ती दोघं त्या कुठेच नसलेल्या रस्त्याने चालत होती. पूल आला तेव्हा तिने स्वतःच सांगितलं, “मी त्यांचा हात धरलाय.” बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. सरांनी चष्मा पुसला आणि गणित सोडवून झाल्यावर मिटावी तशी वही मिटली.

आता ती मंडळी नोकऱ्यांना लागली, पांगली. सरांची लेक बंगळुरूला असते. खेळ बंदच आहे. केतकी मात्र महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी येते. परवा जिन्यात भेटली, तेव्हा मी विचारलं, “आज इकडे काय काम काढलंस?”

“काम काही नाही, काका,” ती म्हणाली. “सरांकडे नुसती बसायला आले होते.”