तांब्याची बैठक

समुपदेशकाच्या पोटात गुपितं राहायलाच हवीत, माझ्या राहिलीही आहेत. पण हसू काही पोटात राहत नाही बुवा! पालीच्या समाजमंदिरात दर मंगळवारी आमची बैठक भरायची. तिथले किस्से इतके साठलेत, की आता सांगूनच टाकते. नावं तेवढी बदललीत.

दरडीत ज्यांची माणसं गेली, अशी मंडळी यायची. पहिल्याच दिवशी मी कोर्समध्ये शिकलेल्या मऊ आवाजात म्हटलं, "आता अगदी मोकळे व्हा." सोपानतात्या लगेच उठले. साठीचे, अबोल. दरडीत त्यांची बायको गेली होती. दाराशी थांबून हळूच म्हणाले, "व्हतो की मोकळा. पर तांब्या कुठं ठिवलाय?"

त्या दिवसापासून बैठकीचं नावच तांब्या पडलं. मी एसटीतून उतरले की पारावरून कुणीतरी विचारायचं, "आज तांब्या हाय न्हवं?"

एकदा मी डोळे मिटून शांत जागा आठवायला सांगितली. हौसाकाकू घोरायलाच लागल्या! उठवायला गेले, तर त्यांच्या सुनेनं माझा हात धरला. दरडीनंतर त्या पहिल्यांदाच अशा गाढ झोपल्या होत्या. उरलेली बैठक आम्ही कुजबुजत उरकली. जाग आल्यावर काकू म्हणाल्या, "लई गुण आला बगा. पुढल्या टायमाला उशी आणू का?"

तात्यांचं मात्र काही केल्या जमेना. रस्त्याच्या कामाचे डंपर समोरून जायचे. जमीन हादरली की तात्या बाहेर पळायचे. पुन्हा डोंगर आला असंच त्यांना वाटायचं. घरात पाठ टेकायची म्हटलं तरी भीती. अंगणात बाज टाकून पडायचे. पळून परत आले की मान खाली घालून बसायचे. फार वाईट वाटायचं मला.

एका मंगळवारी ते असेच पळाले, आणि हौसाकाकू चहाचा कप घेऊन त्यांच्यामागं गेल्या. मग सून गेली, मग सगळेच. "हितं वारा बरा लागतोय, तात्या," एवढंच काकू बोलल्या. पुढं तो नेमच झाला. डंपर आला, की अख्खा तांब्या अंगणात! अजून आठवतात ते उभ्यानं प्यायलेले चहा.

शेवटच्या बैठकीला खडीनं भरलेला डंपर आला. खिडक्या थरथरल्या. आम्ही सवयीनं कप उचलून बाहेर. वळून पाहते, तर तात्या आतच. सतरंजीवर दोन्ही हात दाबून बसलेले, कपाळावर घाम.

"आरं, कुठं पळताय समदी?" ते म्हणाले. "डंपर हाय त्यो."