चांदणीशिवाय ऐकलेली तबकडी

कानसेन लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या कार्यालयाच्या इमारतीतल्या दोन लिफ्ट त्याच्याकडे आहेत आणि आसपासच्या आणखी चौदा इमारतींतल्याही. कानसेन हे नाव त्याला आमच्या मंडळींनी दिलं. गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीत शिरण्याआधी तो बंद दाराला कान लावून अर्धा मिनिट उभा राहतो. आत जाऊन हत्यारांची पिशवी उघडतो तेव्हा नेमकं काय बाहेर काढायचं ते ठरलेलं असतं. एकदा मी बरोबर होतो. दाराशी उभा राहूनच तो म्हणाला, "डावीकडचं बेअरिंग कोरडं पडलंय. बिचारं आठ दिवस बोंबलतंय आणि तुम्ही लोक खालीवर करताय." दार उघडलं, तर खरोखरच डावीकडचं.

मी त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नोंदणी विभागात आहे. आलेल्या पत्रावर क्रमांक घालणं, ते योग्य फायलीत लावणं आणि मागितल्यावर दोन मिनिटांत काढून देणं, हे काम बत्तीस वर्षं केलं. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, चौदा महिन्यांनी निवृत्त होईन. सगळे मला काटेकोर म्हणतात. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्या एका शब्दाच्या आधाराने घडली.

आमची ओळख लिफ्टमध्ये झाली. लिफ्टचं पॅनल उघडून तो काम करत होता आणि शीळ घालत होता. ती चाल एका जुन्या अमेरिकन रॉक तबकडीच्या मागच्या बाजूची होती. पुढची बाजूही जिथे कोणी ऐकत नाही, तिथे मागची कोण ऐकणार! मी तिसऱ्या मजल्यावर उतरायचं विसरलो आणि त्याच्याबरोबर गच्चीपर्यंत गेलो. त्याला आता सतरा वर्षं झाली.

असल्या तबकड्यांचे वेडे आम्ही अकरा जण आहोत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी एका चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत जमतो. सात इंची छोट्या तबकड्या, प्रत्येक बाजूला एकच गाणं, तेही पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुठल्या तरी लहान गावातल्या चार पोरांनी पदरमोड करून छापून घेतलेलं. त्यांतले बहुतेक पुढे कधी गायले नाहीत. भंगारात, मोडक्या पेट्यांत, कुणाच्या तरी मामाच्या माळ्यावर या तबकड्या सापडतात. दर तीन महिन्यांनी आम्ही आठ पानांची एक पत्रिका काढतो. नव्वद प्रती निघतात. तिच्यातली परीक्षणं मी लिहितो. पहिल्या पानावर नावाखाली एक ओळ असते: "परीक्षणासाठी आलेली प्रत्येक तबकडी दोनदा ऐकली जाते." ती ओळही माझीच.

कानसेन लिहीत नाही. "मला ऐकू येतं, लिहिता येत नाही," म्हणतो. पण खोलीत एखादी तबकडी वाजली की सगळे आधी त्याच्याकडे बघायचे. तो डोळे मिटून ऐकायचा. संपल्यावर "ढोलवाला नवशिका आहे, पण मनापासून वाजवतोय," असं काहीतरी एका वाक्यात सांगायचा. मी ते घरी जाऊन दोन परिच्छेदांत लिहायचो. लोक माझी स्तुती करायचे. तो हसायचा. "रजिस्टरने लिहिलंय, म्हणजे बरोबरच असणार." रजिस्टर म्हणजे मी.

मागच्या वर्षी त्याला एक तबकडी मिळाली. हिरवं लेबल, गिरणीच्या कुठल्याशा गावातले चार जण, गाणं एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपाबद्दल. सहा महिने त्याने ती कुणाला दाखवली नाही. मग एक दिवस माझ्या टेबलाशी आला आणि कागदात गुंडाळलेली तबकडी माझ्या फायलींवर ठेवली.

"ही लिही," म्हणाला. "सतरा वर्षांत मी तुला अमुक एक लिही असं कधी म्हटलंय का?"

"नाही."

"मग ही लिही. मला वाटतं, माझ्याकडे आली त्यांतली ही सगळ्यांत चांगली आहे. पण मला वाटून काय उपयोग? तू सांग."

आता थोडं यंत्राबद्दल. अमेरिकेतल्या या तबकड्यांना मधोमध मोठं भोक असतं, रुपयाच्या नाण्याहून मोठं. आपल्या यंत्राची मधली काडी मात्र पेन्सिलीहून बारीक. म्हणून त्या भोकात प्लास्टिकची एक तीन हातांची चकती बसवतात. आम्ही तिला चांदणी म्हणतो. चांदणी नसेल तर तबकडी काडीभोवती सैल फिरते आणि मध्यावर राहत नाही.

माझ्या चांदणीचा एक हात त्या आठवड्यात मोडला. पत्रिकेची पानं दुसऱ्या दिवशी छापायला द्यायची होती. चष्मेवाल्याकडे तीन चांदण्या होत्या. त्याचं दुकान माझ्या घरापासून बारा मिनिटांवर आहे. मी गेलो नाही. तबकडी यंत्रावर ठेवली, डोळ्यांच्या अंदाजाने मधोमध सरकवली आणि सुई टेकवली. एकदाच ऐकली. गायकाचा आवाज खालीवर होत होता. पुन्हा लावून बघावं असं मनात आलं होतं, हे खोटं न बोलता सांगायला हवं. पण तेवढ्यात एक वाक्य सुचलं, आणि ते इतकं झकास होतं की मला ते गमवायचं नव्हतं.

वाक्य असं: "हा गायक एका पायावर उभा राहून गातो, आणि दर ओळीत दोनदा पाय बदलतो."

पुढच्या रविवारी खोलीत हशा पिकला. चष्मेवाला तर डोळे पुसत होता. कानसेन आत आला तसा कुणीतरी ओरडला, "काय कानसेन, पाय बदलला का?" तोही हसला. तबकडी माझ्याकडून घेतली, पिशवीत ठेवली आणि म्हणाला, "मला नाही बुवा ऐकू आलं ते. घरी जाऊन पुन्हा ऐकतो."

नवी चांदणी मी दहा दिवसांनी आणली. ती न बसवता सहज, माझ्या अगदी पाठ असलेली एक तबकडी लावून बघितली. माझा गायक पाय बदलायला लागला. दर सव्वा सेकंदाला एकदा, अगदी नियमित. मग चांदणी बसवून तीच वाजवली, तर गायक दोन पायांवर ताठ उभा.

मी यंत्र बंद केलं आणि खुर्चीत बसून राहिलो. बायकोने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, डोकं जड झालंय." तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. कानसेन एका फोनच्या अंतरावर होता.

मी फोन केला नाही. पुढच्या अंकात खुलासा टाकू असं ठरवलं. अंक आला, जागा नव्हती. जागा नव्हती हेही खरं नाही, जागा मीच ठेवतो. त्या अंकात दोन वाचकांची पत्रं होती, दोन्ही माझ्या 'त्या वाक्या'चं कौतुक करणारी. ती मी छापली. त्यानंतरच्या अंकातही गप्प राहिलो, आणि एव्हाना खुलासा करायचा तर उशिराचाही खुलासा करावा लागणार होता.

कानसेन रविवारी यायचा, पण तबकडी संपल्यावर काही बोलायचा नाही. लोकांनी त्याच्याकडे बघितलं की तो माझ्याकडे बोट करायचा. मग हळूहळू येणंच बंद झालं.

सातव्या महिन्यात वहिनी, म्हणजे त्याची बायको, मला बाजारात भेटल्या. हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या मित्राने कान तपासून घेतले."

"काय निघालं?"

"काय निघायचंय? डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने फार उत्तम. ह्यांना पटेना. म्हणाले, तुमचं यंत्र टूं टूं करतं ते मला ऐकू येतं हो, पण आवाज हलला तर ओळखता येत नाही, त्याचं काय? डॉक्टर बघतच राहिले. आता म्हणतात, कामावर भरवसा राहिला नाही. लिफ्टमध्ये माणसं असतात, आपलं चुकलं तर? सुट्या भागांच्या गोदामात बदली मागणार आहेत. आख्खा दिवस खोकी मोजत बसायचं."

मी त्यांची पिशवी उचलून हातात दिली.

"तुम्ही एकदा येऊन सांगा ना," वहिनी म्हणाल्या. "तुमचंच ऐकतील. तुम्ही काटेकोर."

मी गेलो. आजही या वाक्याशी माझा हात थांबतो. मी त्याच्या घरी गेलो, खिडकीजवळच्या खुर्चीत बसलो, वहिनींनी केलेला चहा प्यायलो आणि त्याला सांगितलं, "तुझा कान ठीक आहे रे. उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाला, "तू माझं मन राखायला बोलतोयस. लिहिताना मात्र खरं लिहिलंस. मैत्री मधे आणली नाहीस. म्हणून तर तुझ्या शब्दाला वजन आहे. मी ती तबकडी वीसदा ऐकली. मला ते हलणं एकदाही ऐकू आलं नाही. मग मी कसला कानसेन!"

मी म्हटलं, "चल, निघतो." आणि निघालो. जिना उतरताना एका पायरीवर पाय चुकला, आणि माझंच वाक्य मला आठवलं.

त्यानंतर जे झालं ते माझ्या धैर्याने झालं नाही. दोन महिन्यांनी, एका शुक्रवारी, तो लिफ्टमध्ये भेटला. बदलीचा अर्ज भरून झाला होता, सोमवारी देणार होता. पॅनलजवळ एक नवं मीटर लटकत होतं. लिफ्ट वर जाताना घासल्यासारखा बारीक आवाज येत होता. मलासुद्धा ऐकू येत होता. त्याने मीटरकडे बघितलं आणि पुटपुटला, "हे तर ठीक म्हणतंय." मग माझ्याकडे वळून, अगदी एवढंसं तोंड करून विचारलं, "तुला काही ऐकू येतंय का रे?"

तो मला विचारत होता.

रविवारी दुपारी मी माझं यंत्र उचलून त्याच्या घरी नेलं. तीन मजले चढून धापा टाकत उभा राहिलो. वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, घर बदललंत की काय?" मी कानसेनला म्हटलं, "ती हिरवी तबकडी आण आणि खिडकीकडे तोंड करून बस. वळायचं नाही."

चांदणी न लावता मी सुई टेकवली. पहिली ओळ पुरी व्हायच्या आत त्याचा हात वर गेला.

"थांब. हे गाणं हलत नाहीये, चाक हलतंय. फेऱ्याला एकदा. तबकडी मध्यावर नाही." तो वळला. "चांदणी कुठाय?"

मी खिशातून काढून दाखवली. मग ती बसवली आणि पुन्हा लावली. गाणं सरळ, स्वच्छ, पेट्रोल पंप बंद झाल्याचं त्या मुलाला खरंच वाईट वाटत होतं. या वेळी त्याचा हात वर गेला नाही. मी तेव्हा ती दुसऱ्यांदा ऐकत होतो, आणि गाणं चांगलं होतं. फार चांगलं होतं.

"तुला कधी कळलं?" त्याने विचारलं.

"दहा दिवसांत."

"कशाच्या दहा दिवसांत?"

"अंक निघाल्याच्या."

त्याने मनाशी महिने मोजले. वहिनी दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या. मला वाटलं आता तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"चांदणीचं सोड," तो म्हणाला. "घाई झाली असेल. माझ्याकडूनही घाईत नट ढिला राहिलाय कधी कधी. पण त्या दिवशी इथे येऊन बसलास. मी माझ्या कानाबद्दल काय काय बोललो तुझ्यापुढे. तेव्हा तुला माहीत होतं. आणि तू माझी समजूत काढून गेलास. ते कसं जमलं?"

मी चांदणी काढून खिशात ठेवली, यंत्र उचललं आणि खाली आलो.

सोमवारी त्याने अर्ज दिला नाही. मंगळवारी सकाळी गच्चीवर जाऊन त्या घासणाऱ्या आवाजाचा बंदोबस्त केला, हे मला शिपायाकडून कळलं. मीटर पुन्हा दिसलं नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तो चष्मेवाल्याच्या खोलीत आला आणि एका तबकडीबद्दल दोन वाक्यं बोलला. कानाचं प्रकरण मिटलं, याचा मला आनंद आहे. तो आनंद मी दुरूनच बाळगतो.

खुलासा लिहून मी आधी त्याला दाखवायला नेला. बत्तीस वर्षांच्या सवयीने लिहिलं होतं: "मागील एका अंकातील परीक्षणाच्या वेळी सदर तबकडी मध्यावर न बसवता वाजवली गेली असल्याचे निदर्शनास आले आहे." तो तळमजल्यावर लिफ्टच्या दारात उभा होता. हात पुसून त्याने कागद घेतला, सावकाश वाचला.

"कोणी वाजवली ते नाही लिहिलंत तुम्ही," तो म्हणाला.

मी कागद भिंतीला टेकवला, ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, "मी वाजवली. एकदाच ऐकली. दहा दिवसांत चूक कळली आणि नऊ महिने लपवली." त्याने पुन्हा वाचलं, मान डोलावली आणि कागद परत दिला. मग आम्ही दोघं लिफ्टमध्ये शिरलो आणि तो बटणांसमोर उभा राहिला.

"कुठला मजला?" त्याने विचारलं.

"तिसरा," मी म्हटलं.