सुभेदारांनी शेकलेला ड्रम

सात ड्रमचा लाल सेट चमकत होता आणि रिटायर्ड सुभेदार त्याच्यापासून हलायला तयार नव्हते. कडेगावहून नवरा-बायको सकाळच्या एसटीनं सांगलीत माझ्या वाद्यांच्या दुकानात आले होते. सुभेदार लहानपणी हलगी वाजवायचे, मग सगळी नोकरी फौजेत. आता जत्रेत गावातल्या पोरांच्या बँजो पार्टीत ड्रम वाजवायचा, एवढंच डोक्यात. बजेट वहिनींच्या पर्समध्ये होतं. तीस हजार, वर एक रुपया नाही. आज जमलं नाही तर त्या पैशाची घरघंटी येणार, हेही त्यांनी सांगून टाकलं.

लाल सेट बजेटात बसत होता, पण मला तो द्यायचा नव्हता. त्या किमतीत सात ड्रम दिले की कंपनी बाकी सगळीकडे हात आखडते. सिंबल, म्हणजे त्या पितळी थाळ्या, पत्र्यासारख्या वाजतात. पायानं मोठा ड्रम वाजवायचं पेडल लटपटतं. स्टूल तर मिळतच नाही. नवशिक्याला चार ड्रम रग्गड झाले. उरलेला पैसा सिंबल, पेडल आणि स्टुलात घालावा. मी पोटतिडकीनं सांगितलं.

सुभेदार म्हणाले, "तेवढ्याच पैशात साताचं चार? आमाला काय येडं समजलासा व्हय?"

म्हटलं, वाजवून तर बघा. चारच्या सेटमधल्या स्नेअरवर, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवर, त्यांनी काठी मारली. भद्द आवाज. सेट नुकताच खोक्यातून काढलेला, कसायचा राहिला होता. "थंड पडलंय," ते म्हणाले. तेवढ्यात फोन आला म्हणून मी वळलो, आणि त्यांनी देव्हाऱ्यातला अगरबत्तीचा लायटर उचलून हलगी शेकावी तसा ड्रम शेकायला घेतला. हलगीला कातडं असतं. याला प्लॅस्टिक. मला वास आला तोवर रुपयाएवढं भोक पडलं होतं.

सुभेदार पार खजील झाले. वहिनींना म्हणाले, "ह्याचं पैसं दे आन् चल. घरघंटीच घे. आपलं काम न्हाई हे."

हलगीवाला माणूस माझ्या दुकानातून असा जाणार? मी त्यांना हाताला धरून बसवलं. नवं प्लॅस्टिक चढवलं आणि त्यांच्या हातात ड्रमची चावी दिली. हलगी आगीनं चढते, हा चावीनं चढतो. एक स्क्रू पिळला की त्याच्या समोरचा पिळायचा, म्हणजे ताण सगळीकडून सारखा बसतो.

ते पिळत गेले, टिचकी मारत गेले. आवाज चढला. असा कडक, की माझ्या अंगावर काटा आला! उभ्यानंच त्यांनी हलगीचा ठेका धरला. समोरचा रसवंतीवाला गिऱ्हाईक सोडून दारात आला. मी स्टूल सरकवलं, त्यांचा पाय पेडलवर ठेवला. पाय सारखा चुकत होता, हात मात्र एकदाही नाही. मला तर नाचावंसं वाटत होतं.

वहिनींनी पर्स उघडली. "चारचाच द्या. आन् स्टूल जरा दणकट बघा. हे काय आता उठत न्हाईत."

जत्रेचा व्हिडिओ वहिनींनीच पाठवला. सुभेदार घामाघूम, पोरं बेभान. पाय अजून चुकतोय, पण ऐकतंय कोण!

तेव्हापासून मी बजेट नंतर विचारतो. याआधी काय वाजवलंय ते पहिलं विचारतो. नवशिक्याला काहीच येत नसतं, असं धरून चाललं की दुकानदाराचंच नुकसान होतं.