गाठींचा रिमोट

जगनला जाऊन दीड महिना झाला. बातमी आली तेव्हा मी हसत होतो, आणि तेही त्याच्याच उद्योगावर. काही महिन्यांपूर्वी बोईसरच्या त्याच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात त्यानं मला डोळे मिटायला लावले, कुठल्याही टीव्हीला चालणारा नवा रिमोट हातात दिला नि म्हणाला, "आवाज वाढव." मी ऐटीत बटण दाबलं. टीव्हीच बंद पडला. "सगळी बटणं एकसारखी," तो खिदळला, "बनवणाऱ्यानं एकदा तरी डोळे मिटून बघायचं ना."

हा खटाटोप त्याच्या बायकोसाठी, कमलवहिनींसाठी होता. त्यांची नजर पार गेली होती, पण सातपाटीत जन्मभर जाळी विणलेली बोटं शाबूत होती. जगननं रबराची नको ती बटणं ब्लेडनं कापली आणि उरलेल्यांवर जाळ्याच्या दोऱ्याच्या गाठी चिकटवल्या. एक गाठ म्हणजे चालू-बंद, दोन गाठी म्हणजे आवाज मोठा, पिळाची गाठ म्हणजे बारीक. वहिनी बोट फिरवून बातम्या लावायच्या. त्यांना डुलकी लागली की जगन रिमोट अलगद काढून घ्यायचा आणि आवाज हळूहळू बारीक करत न्यायचा... एकदम बंद केला तर त्या दचकून उठत.

सुतकात त्यांच्याकडे टीव्ही लावत नाहीत. कुणीतरी तो रिमोटनंच बंद केला होता, भिंतीवरचं बटण तसंच चालू राहिलं. आणि मग दिवेलागणीला टीव्ही आपोआप लागू लागला. रिमोट फळीवर, जवळ कुणी नाही, आणि पडद्यावरची बाई मंद हसत बातम्या सांगतेय. कुंभवलीला कारखान्यात असलेला वहिनींचा भाऊ वसंत पांढराफटक पडला. "ताई, या घरात नाय ऱ्हायचं. माझ्याकडं चल." वहिनींना जायचं नव्हतं. या घराच्या भिंती त्यांच्या हातांना पाठ होत्या, तिकडे पाण्याचा तांब्यासुद्धा मागून घ्यावा लागला असता.

असली प्रकरणं मला फार आवडतात. तेरावं झाल्यावर गेलो आणि संध्याकाळी खिडकीतून पाहिलं. बोळापलीकडे लक्ष्मणकाकांची खिडकी अगदी समोर. जगननं त्यांनाही तसलाच रिमोट विकला होता, टीव्हीही त्याच कंपनीचा. मी काकांच्या खिडकीत उभा राहिलो, जादूगारासारखा हात उंचावून बटण दाबलं आणि पलीकडे वहिनींचा टीव्ही लागला. "म्हंजे इतके दिवस मीच भूत व्हय?" काका म्हणाले. आख्खी आळी हसली, वसंतसुद्धा.

वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. "लागतो कसा ते कळलं, भावजी. पण मला डुलकी लागली का आवाज बारीक कोण करतो?"

मी काकांचा रिमोट मागून आणला, जगनचा फळीवरून घेतला आणि दोन्ही मांडीवर ठेवून बसलो. बातम्या चालू. वसंत उंबऱ्यावर. वहिनींची मान हळूहळू कलली... आणि पडद्यावरच्या आवाजाच्या हिरव्या रेघा एकेक करून विझू लागल्या. मी खाली पाहिलं. माझे दोन्ही हात जमिनीला टेकलेले होते.

वसंतनं ताईची भरलेली पिशवी उचलली. वहिनींनी डोळे उघडले नाहीत.

"ठेव ती खाली," त्या म्हणाल्या. "मी गेले तर तो कुणासाठी आवाज बारीक करंल?"