पाठवणीची धून आणि डावा डोळा

"काका, सीटी वगाडो ने," डॉक्टरीणबाई गुजरातीत म्हणाल्या. उभा जन्म बँडमध्ये ट्रंपेट फुंकणाऱ्याला त्या शिट्टी मारायला सांगत होत्या. मी ओठांचा चंबू केला. हवा डाव्या कोपऱ्यातून फुस्सदिशी निघून गेली.

मग भुवया वर करायला लावल्या, डोळे मिटायला लावले. डावी बाजू ढिम्म हलेना. "बेल्स पाल्सी," त्या म्हणाल्या. म्हणजे चेहरा हलवणारी नस सुजते आणि अर्धा चेहरा लुळा पडतो. मेंदूचा झटका असता तर कपाळाला आठ्या पडल्या असत्या, माझ्या पडत नव्हत्या.

आदल्या संध्याकाळी बमरोलीच्या वरातीत सूर फाटत होता, तेव्हा मी ट्रंपेटलाच शिव्या घातल्या. वाजवणारा आधी वाजंत्रालाच दोष देतो. सकाळी चूळ भरली तर पाणी शर्टावर. "तुमनं तोंड वाकडं व्हई गयं," म्हणत बायको रिक्षा आणायला धावली. शेजारी म्हणाले, वारं लागलंय, तेल चोळा. तुमच्यावर ही पाळी आली तर तेलाच्या नादी लागू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्टेरॉइड, म्हणजे सूज उतरवणाऱ्या गोळ्या, लवकर सुरू झालेल्या बऱ्या.

मी एकच विचारलं, "वाजवता येईल ना?" दिवाळी नुकतीच झाली होती आणि आमच्या वैशालीचं लग्न वैशाखात होतं. लहानपणापासून पोरीचा हट्ट, माझ्या पाठवणीला पप्पाच वाजवणार.

"बहुतेक जण बरे होतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण शब्द देत नाही."

ऐन लग्नसराईत मी उधन्याच्या आमच्या खोलीत डोळ्यात थेंब घालून बसलो. रात्री पापणी चिकटपट्टीनं बंद करायची. ट्रंपेट खाटेखाली गेलं. गल्लीतून वरात निघाली की मी पंखा मोठा करायचो. फार भीती वाटायची. वैशाली रोज आरसा धरून समोर बसायची. "पप्पा, हसा." हसायला काय होतं माझ्याकडे? तरी तिच्यासाठी तोंड वेडंवाकडं करायचो.

हळूहळू ओठ वळले, सूर लागला. पण एक खोड राहिली. फुंकलं की डावा डोळा मिटतो आणि वाहतो. "नसेच्या तारा जुळताना इकडच्या तिकडे गेल्या," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "हे राहू शकतं."

चैत्रात एका पाठवणीला वाजवलं, तर नवरीच्या मामानं पाठीवरून हात फिरवला. "रडत नाही हो, नस तशी जुळलीय," मी चिडून म्हणालो.

वैशाखात वैशाली गाडीत बसेपर्यंत वाजवलं. वरचा सूर थोडा चिरकला, पण तुटला नाही. ट्रंपेट खाली घेतलं तेव्हा व्याही जवळ आले आणि त्यांनी खांद्यावर हात ठेवला. नेहमीचं उत्तर जिभेवर होतं. पण उजवा डोळाही वाहत होता, आणि त्याची नस तर धडधाकट होती.